चेंदामेंद्याला किंमत

ठोक्याने आयुष्यात जेवढ्या गाड्या सरळ केल्या तेवढीच माणसं वाकडी केली, असं लोक म्हणतात. लोकांना वाढवून सांगायची सवय असते. गाड्या थोड्या जास्त भरतील.

धंद्याने तो डेंटर. कुठली भिंतीला धडकलेली, कुठली ट्रकखाली घुसलेली, कुठली मालकाच्याच फाटकाला ठोकलेली. सगळ्या गाड्या शेवटी त्याच्या पुढ्यात येऊन पडायच्या. पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा धरायचा आणि बाहेरून हातोडा हाणायचा, हे त्याचं आयुष्य. स्वभावही पत्र्यासारखाच, लगेच तापायचा. गॅरेजच्या कोपऱ्यातल्या कॉफीच्या यंत्राने एकदा त्याचं नाणं गिळलं आणि कॉफी दिली नाही. ठोक्याने त्याला असा गुद्दा घातला की यंत्राने कॉफी दिली, दूध दिलं, साखर दिली आणि वर काचही दिली. मुठीत घुसलेले तुकडे त्याने पकडीने उपटले आणि कॉफी संपवली. रक्त पडलं होतं, पण गोड होती म्हणे.

घरी मात्र हा वाघ बायकोपुढे कान पाडून बसायचा. ती गाड्यांची सीट कव्हरं शिवायची. तिच्या कात्रीने रेक्झिनचे चार थर एका दमात कापले जायचे, आणि ती बोलताना कात्री हातातच असायची. मोठ्या आवाजात बोलायची. शेजाऱ्यांना वाटायचं, काय ही भांडकुदळ! खरं कारण वेगळं होतं, ते पुढे कळेलच.

ठोक्याला एकच नाद होता, गाड्या आपटायचा कॉम्प्युटरवरचा खेळ. दिवसभर आपटलेल्या गाड्या सरळ करणारा माणूस घरी येऊन सरळ गाड्या आपटायचा. पण त्या खेळावर तो पहिल्याच दिवशी भडकला. गाडी भिंतीवर आदळली की दार मऊ रुमालासारखं दुमडायचं. "दार असं वाकतं?" तो पडद्यावर ओरडला. "बिजागरीपाशी आधी फाटतं रे गाढवांनो! मग दाराचा खांब आत येतो, मग ड्रायव्हरचा गुडघा जातो!" कंपनीला काही ऐकू गेलं नाही. मग याने ठरवलं, आपणच करू.

असल्या घरगुती दुरुस्तीला मॉड म्हणतात. खेळ कंपनीचा, त्यात भर घालणारा खेळाडूच. करून इंटरनेटवर ठेवून द्यायची, ज्याला हवी त्याने उचलावी. ठोक्या बरीच वर्षं बायकोच्या जुन्या लॅपटॉपला चिकटून शिकत राहिला. बंपर कसा सुटतो, वरचा टप कसा दबतो, काच आधी जाळीदार होते मग ओघळते, हे एकेक त्याने आठवून आठवून घातलं. मॉडला नाव दिलं 'चेंदामेंदा'. तो उतरवून घेतल्यावर पहिल्यांदा ट्रकवर धडक दिली की भल्याभल्यांच्या पोटात गोळा यायचा.

त्यातला अर्धा गोळा आवाजाचा होता, आणि आवाज मेव्हण्याचे होते.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. भंगाराचं आवार चालवायचा. ज्या गाड्या ठोक्याच्याही हातून सरळ व्हायच्या नाहीत त्या याच्याकडे जायच्या. क्रेनचा पंजा गाडी उचलायचा, वरून दाबयंत्राच्या तोंडात सोडायचा आणि गाडीची चौकोनी वडी व्हायची. आवारात एक खांब होता आणि खांबाला माइक टांगलेला. आवार उघडलं की माइक सुरू, बंद झालं की बंद. मधे जे काही तुटेल, फाटेल, किंचाळेल ते सगळं टिपलं जायचं. मेव्हणा ते निवडून, साफ करून ठोक्याला द्यायचा. फुकट. ठोक्या ते चेंदामेंद्यात घालून जगाला द्यायचा. तेही फुकट. कुठल्या कुठल्या देशांतले लोक लिहायचे, काय आवाज आहेत! मेव्हणा ते वाचून फुलायचा. "दाजी, बघा, याने लिहिलंय की ऐकून त्याचं कुत्रं पलंगाखाली गेलं."

दाजी मान हलवायचे. कारण दाजींना ते आवाज नीट ऐकूच यायचे नाहीत.

सगळं आयुष्य पत्र्यावर हातोडा हाणून ठोक्याचा डावा कान गेला होता. पार गेला होता. उजवा निम्मा राहिला होता. डॉक्टर म्हणाले होते, हातोडा सोडा, नाहीतर हाही जाईल. ठोक्याने डॉक्टरांना दोन शिव्या घातल्या, बाहेर येऊन पायऱ्यांवर बसला आणि बायकोला म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही." तिने कुणाला सांगितलं नाही. फक्त आवाज चढवला, आणि शेजाऱ्यांनी तिला भांडकुदळ ठरवलं. मॉडसाठी आवाज आला की ठोक्या स्पीकरवर तळवा ठेवायचा. पत्र्यातला पोचा तो हातानेच ओळखायचा, तसा धक्काही हातानेच तपासायचा. बायको शेजारी बसून ऐकायची आणि "हां, बरोबर" म्हणायची. तिचं "बरोबर" आलं की मॉड जगाकडे जायचा.

हातोडा सोडायचा तर खायचं काय? म्हणून चेंदामेंद्याची नवी, मोठी आवृत्ती निघाली तेव्हा ठोक्याने तिला किंमत लावली. फार नाही, सिनेमाच्या तिकिटाएवढी. कंपनीची ना नव्हती. तिनेच तशी सोय करून ठेवली होती. मेव्हण्याला सांगितलं नाही. सांगायला गेला असता तर का ते सांगावं लागलं असतं, आणि कान गेला हे सांगण्यापेक्षा ठोक्या स्वतःच दाबयंत्रात शिरला असता.

किंमत लागली आणि जग अंगावर आलं.

काल ज्यांनी पाया पडल्यासारखं लिहिलं होतं त्यांनी आज लिहिलं, तुझे हात तोडले पाहिजेत. एकाने लिहिलं, तुझ्या घरावर ट्रक घालतो. एकाने तर ठोक्याच्याच मॉडमध्ये त्याचा चेहरा लावलेला बाहुला ड्रायव्हरच्या जागी बसवला, कड्यावरून खाली फेकला आणि त्याचा व्हिडिओ टाकला. ठोक्याने तो लक्षपूर्वक पाहिला आणि म्हणाला, "मान चुकीच्या बाजूला वळली." पण काहींनी विकतही घेतला. काहींनी लिहिलं, माणसाने घाम गाळलाय, त्याला पैसे मिळाले तर तुमच्या पोटात का दुखतं? मग त्या दोन टोळ्या एकमेकींचे लचके तोडू लागल्या.

त्या धुमश्चक्रीत कुणीतरी एक ओळ टाकली: आवाजवाल्या भंगारवाल्याला काही दिलंस का, की त्यालाही लुबाडलंस?

ती ओळ मेव्हण्याने वाचली.

तो गॅरेजमध्ये आला तेव्हा ठोक्या एका निळ्या गाडीचं बॉनेट सरळ करून त्यावरून हात फिरवत होता. मालकाला संध्याकाळी गाडी द्यायची होती.

"दाजी, तुम्ही चेंदामेंदा विकायला काढलात?"

"काढला."

"मला विचारलंत?"

"घरचंच आहे, विचारायचं काय? तुझा वाटा देतो ना."

"वाटा कोण मागतंय!" मेव्हण्याचा आवाज फाटला. "दाजी, मी दिवसभर काय करतो? विकतो. नट विकतो, बोल्ट विकतो, फुटका आरसा विकतो. माणूस ज्यात मेला ती सीट विकतो, वरचा डाग पुसून. त्या सगळ्या ढिगात एकच गोष्ट अशी होती जी मी कुणाला विकली नव्हती. ती तुम्ही विकलीत."

हे ऐकून एखादा गप्प बसला असता. ठोक्याला गप्प बसणं कधी जमलं नव्हतं. "आणि मी दिवसभर काय करतो? दुसऱ्याने मोडलेलं नीट करतो आणि पैसे शेठच्या गल्ल्यात जातात. ही एक वस्तू माझी आहे. इतकी वर्षं डोळे फोडून पत्रा न् पत्रा वाकवला, तो काय हवा खाऊन? आणि तुझं काय रे एवढं? आवाज यंत्र करतं, माइक टिपतो. तू नुसता बाजूला उभा असतोस!"

गॅरेजमधले हातोडे थांबले.

मेव्हण्याने आजवर दाजींना 'तुम्ही'च म्हटलं होतं. ते 'तुम्ही' त्या क्षणी गेलं. "तू चोर आहेस," तो म्हणाला आणि ठोक्याच्या जबड्यावर ठोसा हाणला.

दात पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, एका ठोक्यालाच ऐकू आला नाही. त्याने तोंडातलं रक्त थुंकलं, भिंतीला टेकलेला बंपर उचलला आणि आडवा फिरवला. तो मेव्हण्याच्या भुवईवर बसला. भुवई उलगडली, डोळा लाल पडद्याआड गेला. तशा आंधळ्या डोक्याने मेव्हण्याने ठोक्याच्या पोटात मुसंडी मारली आणि दोघे निळ्या गाडीच्या बॉनेटवर आदळले. मग काय विचारता! एक वर, एक खाली. गुडघे, कोपरं, डोकी. सकाळपासून सरळ केलेला पत्रा त्यांच्याखाली कोकलत पुन्हा पहिल्यासारखा झाला, वर दोन नवे पोचे. सोडवायला धावलेल्यांपैकी एकाने मेव्हण्याचा पाय ओढला, त्याला लाथ बसली. दुसऱ्याने ठोक्याची कॉलर धरली, कॉलर हातात आली. शेवटी शेठने रंगाचं घाण पाणी बादलीभर दोघांवर ओतलं.

"माझ्या गॅरेजमध्ये कुस्त्या नकोत!" शेठ किंचाळला. "ठोक्या, तू घरी जा. या आठवड्यात तोंड दाखवू नकोस. हे बॉनेट तुझ्या पगारातून!"

घरी बायकोने तोंड पाहिलं, कारण ऐकलं आणि कात्री खाली ठेवली. ती कात्री खाली ठेवते तेव्हा भ्यावं. "माझ्या भावाच्या तोंडावर बंपर मारलास?" लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याला अरेतुरे करत होती. त्यानंतर तिने बोलणंच टाकलं. ज्या बाईचा आवाज तीन घरं ओलांडून जायचा तिच्या घरात सुई पडली तर ऐकू यावी अशी शांतता.

अशात मेव्हण्याची फाइल आली. सोबत निरोप: 'नव्या आवृत्तीचे राहिलेले आवाज. माझ्याकडून शेवटचे.' ठोक्याला वाटलं, मेव्हणा वरमला. पैसे देऊन बसलेले लोक उरलेले आवाज मागत होतेच. त्याने स्पीकरवर तळवा ठेवला. धक्का दणकून लागला. पडद्यावरची रेघही छान उंच उडाली. बायकोकडे पाहिलं, ती पाठ फिरवून बसलेली. तिला "ऐक जरा" म्हणायला जीभ उचलेना.

त्याने फाइल चढवून टाकली.

संध्याकाळपर्यंत शिव्यांचा असा भडका उडाला की आधीचा म्हणजे शेकोटी वाटावी. लोक विचारत होते, हे काय आहे? गाडी आदळली की धडामच्या पाठोपाठ एक माणूस जिवाच्या आकांताने काहीतरी ओरडतोय. दर धडकेला तेच. कुणी पैसे परत मागत होतं, कुणी जीव मागत होतं. ठोक्याने लॅपटॉप बायकोसमोर धरला आणि हात जोडले. तिने अबोला मोडला नाही, पण ऐकलं. ऐकलं आणि नको नको म्हणताना तिला हसू फुटलं.

"काय म्हणतोय?"

तिने त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. "दाजी चोर आहे."

ठोक्याने हातोडा उचलला. तिने मागून मारलेली हाक त्याच्या डाव्या बाजूला पडली.

आवारात काम जोरात होतं. क्रेन गरगरत होती, गाड्यांच्या वड्या पडत होत्या. ठोक्या थेट आत घुसला. मेव्हण्याच्या भुवईला टाके होते. हातोडा पाहून त्यानेही ढिगातून एक सायलेन्सरचा पाइप ओढला.

"माझं नाव जगभर घाण केलंस!"

"तू ऐकून चढवलंस ना? मग घाण कुणी केलं?" मेव्हणा खरंच चक्रावला होता. त्याला वाटलं होतं, दाजी ऐकतील, चिडतील, फोनवर शिव्या घालतील आणि निदान बोलणं तरी होईल. जगाला ऐकवायचा त्याचा विचारच नव्हता.

उत्तर हातोड्याने दिलं. तो पाइपवर बसला, पाइप वाकला. पाइप ठोक्याच्या मांडीवर बसला, मांडी बधिर झाली. हातोडा निसटला तशी ठोक्याने नुसती मूठ चालवली. मेव्हण्याचे टाके उसवले आणि रक्ताची धार गालावर आली. मेव्हण्याने त्याच्या बरगड्यांत पाइपचं टोक खुपसलं. दोघं एकमेकांना ढकलत, फरफटत, धापा टाकत दाबयंत्रासमोरच्या मोकळ्या जागेत आले.

आता त्या आवाराची एक रीत होती. क्रेनवाल्याच्या काचेवर इतकी वर्षांची काजळी की त्याला खालचं काही दिसायचं नाही. दाबयंत्र भरलेलं असलं की पंजातली गाडी तो या मोकळ्या जागेतच सोडायचा, पण सोडण्याआधी भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की जो असेल त्याने बाजूला उडी मारायची. वर कुणी बघायचं नाही. तिथे माणसं कानांवर जगायची.

भोंगा वाजला. मेव्हण्याने उगारलेली मूठ तशीच सोडून सवयीने बाजूला झेप घेतली.

ठोक्या तिथेच उभा. "पळतोस?" तो गरजला. "पळतोस, भंगारशेठ? ये ना!" त्याच्या डोक्यावर पंजा उघडत होता.

"सरक!" मेव्हणा ओरडला. "अरे सरक! बहिरा आहेस का?"

असं रस्त्यावर कुणीही कुणालाही ओरडतं. पण ते ओरडतानाच मेव्हण्याने दाजींचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती की हट्टही नव्हता. नुसता राग होता, तोही दुसरीकडे पाहणारा. मेव्हणा उलटा धावला. खांद्याने त्याने ठोक्याला असा हाणला की दोघं लोळत गेले आणि मागे गाडी कोसळली. इंजिन जमिनीत रुतलं. चारी काचा एकदम फुटल्या. सुटलेलं एक दार भिरभिरत आलं आणि मेव्हण्याच्या खांद्यात बसलं. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतःच ऐकला.

धूळ बसेपर्यंत कुणी हललं नाही. मग मेव्हणा ठोक्याच्या डाव्या बाजूने काहीतरी बोलला. ठोक्या आकाशाकडे बघत राहिला. मेव्हणा दात आवळून सरपटत उजव्या बाजूला आला.

"दाजी, ती फाइल... चढवायच्या आधी ऐकली नव्हती?"

ठोक्याने धुळीने माखलेला तळवा वर धरला. "हात लावून पाहिली," तो म्हणाला.

दवाखान्यात बायको आली ती दोघांवर एकदम सुटली. कुणाला कुठल्या शब्दांनी सोललं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मेव्हणा प्लास्टरमधून कण्हत काही म्हणू लागला तशी ती फिस्कारली, "त्या बाजूने नको बोलूस. तिकडचं घर बंद आहे." मग डॉक्टर काय म्हणाले, किंमत का लावली, सगळं तिनेच सांगितलं. ठोक्या भिंतीकडे तोंड करून बसला होता, जणू कुणा तिसऱ्याचीच कथा चालली आहे.

मेव्हणा ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" त्याचं 'तुम्ही' परत आलं होतं. ते ठोक्याला नीट ऐकू आलं.

"सांगितलं असतं तर दयेने आवाज दिले असतेस."

"दया? तुमची? तुम्ही माझी भुवई फोडलीत!" मेव्हणा हसायला गेला आणि कळ आली. "हे बघा. पत्रा तुम्ही वाकवलात. पत्र्याला काय लावायची ती किंमत लावा, कुणी बोलला तर मी बघतो. माझे आवाज मी वेगळे ठेवणार, फुकट. ज्याला हवे त्याने येऊन उचलावेत, मग त्याने तुमचा मॉड घेतलेला असो की नसो. आणि जुना चेंदामेंदा फुकट होता तसाच राहील."

"आणि तुझा वाटा?"

"वाट्याचं नाव काढलंत तर हात मोडीन. तुमचा."

ठोक्याने थोडी घासाघीस करून पाहिली. ती त्याला जमली नाही.

हातोडा अजून पूर्ण सुटलेला नाही. मॉडवर निम्मं घर चालतं, उरलेल्या निम्म्यासाठी तो गॅरेजमध्ये जातो, कानांवर ते जाड गोळे चढवून, जे घालणाऱ्यांना पूर्वी तो नाजूक बायका म्हणायचा. इंटरनेटवर त्याला मारायची धमकी अजून येते. हल्ली दोघे मिळून वाचतात आणि धमकीला गुण देतात.

आणि त्या दिवसाची गाडी? माइक सुरूच होता की. तशी धडक आजवर कुणी टिपली नव्हती. मेव्हण्याने ती साफ करायला घेतली, ओरडणं काढून टाकायला गेला आणि थांबला. राहू दे म्हणाला. त्यामुळे आता कुठल्याही देशात कुणाची गाडी कड्यावरून कोसळली की काचा फुटण्याच्या अगदी आधी एक माणूस घसा फाडून विचारतो, बहिरा आहेस का? खेळणाऱ्यांना अर्थ कळत नाही. त्यांना ती लढाईची आरोळी वाटते. एकमेकांना हरवल्यावर ते ती वाकड्यातिकड्या स्पेलिंगने लिहितात.

त्या धडकेची फाइल पहिल्यांदा आली तेव्हा ठोक्याने स्पीकरवर तळवा ठेवला. दणका लागला. त्याच्या आधी काहीतरी बारीक थरथरलं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

बायकोने मान कलती करून पूर्ण ऐकलं, पुन्हा लावून ऐकलं. मग कात्री उचलून कामाला लागत त्याच्या उजव्या कानात ओरडली, "हां, बरोबर!"